जोगबनीचा नवा नाका अन् आपल्या मोंढ्यातलं सोयाबीन

चाकूर : बिहारच्या अररिया जिल्ह्यात नेपाळच्या सीमेला लागून जोगबनी नावाचं गाव आहे. चाकूरपासून दीड हजार किलोमीटरच्या पुढं. पलीकडं पाऊल टाकलं की नेपाळचं विराटनगर, तिकडचं मोठं कारखानदारीचं शहर. १३ नोव्हेंबर २०२५ ला नवी दिल्लीत केंद्रीय वाणिज्यमंत्री पीयूष गोयल आणि नेपाळचे मंत्री अनिलकुमार सिन्हा यांची बैठक झाली. दोन देशांतल्या जुन्या ट्रान्झिट कराराच्या नियमांत त्या दिवशी बदल केला गेला. आता कोलकाता आणि विशाखापट्टणम बंदरांतून निघालेली मालगाडी जोगबनीमार्गे थेट विराटनगरजवळच्या नेपाळ कस्टम यार्डात जाऊ शकते. कंटेनरच नाही, सुटा मालही नेता येईल.

आपल्याकडं ही बातमी कुणी वाचली नाही. त्या दिवसांत आपण सप्टेंबरच्या अतिवृष्टीतून वाचलेलं सोयाबीन मोंढ्यात घेऊन उभे होतो. हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल आणि सौद्यात निघालेला भाव त्याच्या बराच खाली. दोन गोष्टींचा संबंध काय, असं कुणीही विचारेल. संबंध आहे, आणि तो तेलातून आहे. पण जितका व्हॉट्सॲपवर सांगितला जातो तितका सरळही नाही. म्हणून जरा नीट उकलून सांगतो.

करोडगिरी आठवते का?

सीमा, नाका, जकात हे शब्द मराठवाड्याला नवे नाहीत. निजामाच्या राज्यात परमुलखातून येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर कर घेणाऱ्या खात्याचं नाव करोडगिरी होतं. लातूर निजामाच्या हद्दीत आणि बार्शी इंग्रजांच्या. इकडून तिकडं माल नेताना नाका लागायचा. घरातल्या जुन्या माणसांकडून हा शब्द अनेकांनी ऐकला असेल. पुढं राज्य गेलं, नाके गेले. मग विक्रीकराचे नाके आले. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि त्या कामासाठी ट्रक उभा करणंही थांबलं. आज भालकी-औरादचा शेतकरी आपला माल उदगीरला किंवा लातूरला आणतो, त्याला कुणी विचारत नाही.

देशाच्या सीमेवर मात्र नाका असतोच. तिथं कसा नाका आहे, कोण तपासतो, किती वेळ लागतो आणि किती टक्के शुल्क आहे, यावर माल कुठून कुठं वाहणार ते ठरतं. रक्सौल हे बिहारमधलं दुसरं गाव बघा. पलीकडं नेपाळचं वीरगंज. तिथं पूर्वी ट्रक गावातल्या रस्त्यावरच रांगेत उभे राहायचे. कस्टमचं ऑफिस एकीकडं, वजनकाटा दुसरीकडं, तपासणी तिसरीकडं. आपल्याकडं हमीभाव केंद्रावर ट्रॅक्टरची जी गत होते तीच. म्हणून सरकारनं ठरवलं की कस्टम, इमिग्रेशन, सुरक्षा दल, वजनकाटा, गोदाम, पार्किंग, रोगराई तपासणारी खाती सगळं एकाच आवारात आणायचं. याला एकात्मिक तपासणी नाका म्हणतात. हे काम बघण्यासाठी संसदेनं २०१० मध्ये कायदा केला आणि १ मार्च २०१२ ला भारतीय भू-बंदर प्राधिकरण अस्तित्वात आलं. समुद्राचं बंदर तसं हे जमिनीवरचं बंदर.

हे प्राधिकरण केंद्रीय गृहखात्याच्या हाताखाली येतं. या खात्याशी आपल्या गावाचं नातं जुनं आहे. चाकूरचे शिवराज पाटील चाकूरकर २००४ ते २००८ देशाचे गृहमंत्री होते. इथलं बीएसएफचं प्रशिक्षण केंद्रही सगळ्यांना ठाऊक आहे. पण बीएसएफ पाकिस्तान आणि बांगलादेशच्या सीमेवर असतं. नेपाळची सीमा १,७५१ किलोमीटरची, आणि ती सांभाळतं सशस्त्र सीमा बल. नेपाळी माणसाला भारतात यायला व्हिसा लागत नाही, आपल्यालाही तिकडं जायला लागत नाही. लातूरच्या क्लासेसच्या गल्ल्यांत रात्री शिट्टी वाजवत फिरणारा गुरखा अशाच एखाद्या नाक्यावरून आलेला असतो.

आधी अटारीचा नाका झाला, एप्रिल २०१२ मध्ये. रक्सौल आणि जोगबनीचे नाके २०१६ ला सुरू झाले. पलीकडचा वीरगंजचा नाका २०१८ ला, विराटनगरचा जानेवारी २०२० ला, दोन्ही आपल्या देशाच्या पैशातून बांधलेले. १ जून २०२३ ला नेपाळगंजच्या नाक्याचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी सोनौलीच्या नव्या नाक्याची पायाभरणी झाली आणि बथनाहा इथून नेपाळ कस्टम यार्डाकडं पहिली मालगाडी निघाली. परवा नोव्हेंबरमध्ये नियम बदलला तो याच रेल्वेमार्गासाठी. रस्ता आधी बांधून झाला, कागद मागून आला. आपल्याकडं बहुतेक वेळा उलटं होतं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

तेल आधी आपल्याच बंदरात उतरतं

आता सोयाबीनकडं येऊ. नेपाळात सोयाबीन थोडंच पिकतं, त्यांच्या गरजेलाही पुरत नाही. तरी २०२४-२५ मध्ये नेपाळनं जगाला जे काही विकलं त्यात सोयाबीन तेल पहिल्या नंबरवर होतं. आणि ते जवळजवळ सगळं भारतानं घेतलं. हे कसं?

अर्जेंटिनातून कच्चं सोयाबीन तेल जहाजानं निघतं. नेपाळला समुद्र नाही, म्हणून ते कोलकाता-हल्दियाला म्हणजे आपल्याच बंदरात उतरतं. तिथून सीलबंद होऊन नेपाळात जातं. आपलं शुल्क त्याला लागत नाही, कारण ते आपल्या देशासाठी नाही. विराटनगर, वीरगंजच्या परिसरात रिफायनरी आहेत. तिथं ते शुद्ध होतं आणि त्याच सीमेवरून परत भारतात येतं. या वेळीही शुल्क लागत नाही, कारण आता ते ‘नेपाळचा माल’ झालेलं असतं. नेपाळसोबतच्या व्यापार करारात आणि दक्षिण आशियाच्या साफ्टा करारात नेपाळच्या मालाला ही सूट आहे. साफ्टा १ जानेवारी २००६ पासून चालू आहे.

सूट देताना अट घातलेली आहे. दुसऱ्या देशाचा कच्चा माल वापरला असेल तर नेपाळात त्याचं मोल किमान ३० टक्के वाढलेलं पाहिजे. कच्चं तेल रिफाइन केल्यानं खरंच तीस टक्के मोल वाढतं का? ज्यानं तेलाच्या कारखान्यात चार दिवस काम केलंय तो सांगेल की शुद्धीकरणाचा खर्च तेलाच्या किमतीच्या मानानं फार थोडा असतो. आपल्या देशातल्या तेल उद्योगाच्या संघटनेनं केंद्राकडं याच मुद्द्यावर वारंवार तक्रार केलेली आहे.

हिशोब असा पडतो. १४ सप्टेंबर २०२४ ला केंद्रानं खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. सेस धरून कच्च्या तेलावर साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्के, आणि रिफाइंडवर १३.७५ वरून ३५.७५ टक्के. म्हणजे बाहेरच्या शंभर रुपयांच्या रिफाइंड तेलावर ३५ रुपये ७५ पैसे भरायचे. तेच तेल नेपाळवरून आणलं तर आपल्या नाक्यावर शून्य. नेपाळात कच्च्या तेलाला जो कर लागतो तो आणि जाण्या-येण्याचं भाडं धरलं तरी मोठा फरक उरतो. शुल्क वाढताच तिकडच्या रिफायनरी जोरात चालू झाल्या, यात नवल नाही. बांधाला जिथं भोक असतं तिथूनच पाणी जातं.

हा खेळ पहिल्यांदा झाला असंही नाही. आधी तो पामतेलाचा होता. जानेवारी २०२० मध्ये केंद्रानं रिफाइंड पामतेलाची आयात प्रतिबंधित यादीत टाकली, नेपाळचं पामतेल अडलं, आणि मग तिथले कारखाने सोयाबीन तेलाकडं वळले. त्याच वर्षी सप्टेंबरपासून कस्टमचा नवा नियम आला. माल खरंच त्या देशाचा आहे हे दाखवणारी माहिती आयात करणाऱ्यानं स्वतःजवळ ठेवायची, अधिकाऱ्यानं मागितली की द्यायची. नियम चांगला आहे. पण दिवसाला किती टँकर, किती डब्यांचे ट्रक नाक्यावरून जातात आणि त्यातल्या किती जणांना हा कागद विचारला जातो, हे बघितल्याशिवाय नियमाचा उपयोग कळत नाही.

कुणी म्हणेल, हे तेल बिहार-उत्तर प्रदेशात विकलं जातं, लातुरात नेपाळचा डबा कुठं दिसतो? बरोबर आहे. तेल इथं येत नाही, भाव येतो. बिहारच्या व्यापाऱ्याला शेजारून स्वस्त तेल मिळालं की तो इंदूरकडून, आपल्याकडून कमी घेतो. तो माल मग देशातच दुसरीकडं गिऱ्हाईक शोधत फिरतो आणि भाव पाडून विकला जातो. लातूरच्या सॉल्व्हंट प्लांटचा मालक सकाळी सौद्याला माणूस पाठवायच्या आधी तेलाचा आणि पेंडीचा भाव बघतो. तिथं दोन रुपये उतरले की पट्टीवर उतरतात.

पण सगळा दोष नेपाळवर टाकू नका

सोशल मीडियावर ‘नेपाळनं सोयाबीन मारलं’ असे व्हिडिओ फिरतात. त्याला मी पूर्ण मान्यता देणार नाही. आपला देश वर्षाला साधारण १६० लाख टन खाद्यतेल बाहेरून आणतो. आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त तेल परदेशी आहे. नेपाळचा वाटा त्यात लहान. खिडकीतून वारा येतोय हे खरं, पण मुख्य दरवाजा सताड उघडा आहे आणि तो दिल्लीनं उघडलाय.

३० मे २०२५ ची तारीख लक्षात ठेवा. आपण बियाणं-खताच्या मागं होतो, मृग आठवड्यावर आला होता. त्या दिवशी केंद्रानं कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क वीसवरून दहा टक्के केलं. सेस धरून साडेसत्तावीसचे साडेसोळा झाले. रिफाइंडवरचं ३५.७५ तसंच ठेवलं. यामुळं कच्च्या आणि रिफाइंडमधला फरक ८.२५ वरून १९.२५ टक्क्यांवर गेला. रिफायनरीवाल्यांनी या निर्णयाचं स्वागत केलं, कारण त्यांना कच्चा माल स्वस्त झाला आणि बाहेरून तयार तेल आणणाऱ्याला महाग पडायला लागलं. त्यांच्या कारखान्यांना काम मिळालं, हे चांगलंच आहे. पण शेतकऱ्याचं काय झालं? त्याच्या सोयाबीनच्या तेलाची स्पर्धा त्या परदेशी कच्च्या तेलाशीच आहे, आणि त्यावरचं शुल्क अकरा टक्के-अंकांनी उतरलं.

हे समजून घेतलं पाहिजे. नेपाळच्या तेलाविरुद्ध बोलताना कारखानदार आणि शेतकरी एका बाजूला दिसतात. ३० मे च्या निर्णयावर ते एका बाजूला नाहीत. कारखानदाराला स्वस्त कच्चं तेल पाहिजे, मग ते चाकूरच्या सोयाबीनमधून निघो की अर्जेंटिनाच्या. म्हणून ‘नेपाळचा नाका बंद करा’ एवढीच मागणी आपल्याकडची पुढारी मंडळी करत असतील तर त्यांना विचारा, साडेसोळा टक्क्यांबद्दल तुमचं म्हणणं काय?

बरं, सोयाबीन म्हणजे फक्त तेलही नाही. एका क्विंटलमधून साधारण १८ किलो तेल निघतं, बाकी बहुतेक पेंड. आपल्या मालाचा मोठा भाग पेंडीच्या भावावर विकला जातो. आणि पेंडीला सध्या इथेनॉलच्या कारखान्यांनी गाठलंय. मका-तांदळापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, त्याला डीडीजीएस म्हणतात, तो कोंबडीखाद्यात स्वस्तात चालतो. पोल्ट्रीवाला तेवढी सोयापेंड कमी घेतो. याचा जोगबनीशी काही संबंध नाही. तेलाला परदेशी मालानं दाबलं, पेंडीला देशातल्याच चोथ्यानं. दोन्हीकडून चेंगरल्यावर भाव कुठून वर येणार?

पेट्रापोलचा धडा

सीमेवरच्या नाक्यानं आपला भाव हलतो याचा एक अनुभव आपण घेतलेला आहे, फक्त त्या वेळी लक्ष गेलं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये लातुरात सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं. ज्यांच्याकडं थोडाफार माल शिल्लक होता त्यांची चांदी झाली, आणि त्यावर हिशोब करून अनेकांनी पेरा वाढवला. त्याच महिन्यात केंद्रानं १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली. ती कुठून आणायची हेही आदेशात लिहिलं होतं. एक न्हावाशेवा बंदर, दुसरा पेट्रापोल. पेट्रापोल म्हणजे पश्चिम बंगालमधला बांगलादेश सीमेवरचा सगळ्यात मोठा नाका. दसऱ्यापर्यंत आपल्याकडचा भाव निम्म्याच्या आसपास आला. नवीन रास बाजारात येत होती, तेही कारण होतंच. पण परवानगीची बातमी लागली तेव्हा शेतात शेंगा हिरव्या होत्या.

तोच पेट्रापोल कांद्याच्या गाड्यांसाठी नाशिकवाल्यांना आणि संत्र्यासाठी विदर्भाला जीव की प्राण आहे. बांगलादेशनं संत्र्यावर शुल्क वाढवलं की वरूड-मोर्शीत बागा तशाच उभ्या राहतात. नाका एकच. कुणाचा माल बाहेर जातो, कुणावर बाहेरचा माल येऊन पडतो.

आणि त्याचा भरवसाही धरता येत नाही. अटारीचा नाका एवढा खर्च करून बांधला. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये तो बंद झाला. मे २०२५ मध्ये आपण बांगलादेशचे तयार कपडे जमिनीवरच्या नाक्यांवरून घ्यायचं थांबवलं. सप्टेंबरमध्ये काठमांडूत तरुणांच्या आंदोलनात सरकार कोसळलं तेव्हा सीमेवर ट्रकांच्या रांगा उभ्या राहिल्या. सीमेवरचा व्यापार राजकारणाच्या मर्जीवर चालतो, हे धरूनच हिशोब करावा लागतो.

आपल्याकडून तिकडं काय जाणार?

माझं म्हणणं, नाका नको असं मुळीच नाही. रत्नागिरी-नागपूर महामार्ग चाकूरवरून गेला तेव्हा जमिनी गेल्या म्हणून ओरड झाली, आणि आज त्याच रस्त्यानं माल तासाभरात लातूरला पोचतो. रस्ता दोन्हीकडून चालतो. प्रश्न एवढाच की आपल्या बाजूनं त्यावर काय चढवलं जातंय.

आपल्या तालुक्यात लातूर रोड हे जंक्शन आहे. एक फाटा परळीकडं, एक लातूरला, एक उदगीर-बीदरवरून विकाराबादकडं. निजामाच्या काळापासून या मार्गानं या भागाचा माल गेला. ब्रॉडगेज आहे. विराटनगरजवळच्या यार्डापर्यंत गेलेला रूळही ब्रॉडगेजच आहे. जुलै २०२१ मध्ये नेपाळसोबतच्या रेल्वे करारात बदल झाला आणि खासगी मालगाडीवाल्यांनाही तिकडं माल न्यायची मुभा मिळाली. नेपाळात कोंबडीपालन वाढतंय, त्याला पेंड लागते. बांगलादेशलाही लागते. भारताची पेंड जनुकीय बदल न केलेल्या बियाण्याची आहे, हा आपला एक गुण. म्हणजे माल आहे, गिऱ्हाईक आहे, रूळ आहे.

पण तिथपर्यंत पेंड रेल्वेनं न्यायला भाडं काय पडतं, एका रॅकला लागणारा माल एकदम कोण गोळा करणार, याचा विचार आपल्या जिल्ह्यात कोण करतंय? शेतकरी उत्पादक कंपन्या ढीगभर निघाल्या. बहुतेकींचं काम हमीभाव खरेदीचं केंद्र मिळवणं आणि बियाणं विकणं इथंच संपतं. एकटीला रॅक भरणं झेपणार नाही, चार-सहा जणींनी आणि एखाद्या प्लांटनं मिळून केलं तर जमेल. जिल्हा परिषदेच्या सभेत, बाजार समितीच्या बैठकीत हा विषय कधी आलेला मी ऐकला नाही. खासदार साहेबांना नव्या गाडीच्या थांब्याचं निवेदन दरवर्षी दिलं जातं. मालाच्या डब्याचं निवेदन एकदा देऊन बघायला हरकत नाही.

दुसरी मागणी केंद्राकडं. नेपाळच्या शेतकऱ्याचा स्वतःचा माल, आलं असो, वेलची असो, चहा असो, बिनशुल्क येऊ द्या, तोही आपल्यासारखाच कोरडवाहू माणूस आहे. पण परदेशी तेलाला नेपाळचा शिक्का मारून आणलं जात असेल तर नाक्यावरच तपासा. नवीन नाक्यात तेवढ्यासाठीच सगळी खाती एका छपराखाली आणली आहेत ना? आता रेल्वेनं कच्चं तेल विराटनगरला आणखी स्वस्तात पोचणार असेल, तर तपासणी आधीपेक्षा कडक लागेल.

आणि शुल्काचा निर्णय पेरणीच्या तोंडावर बदलू नका. शेतकरी जूनमध्ये जो भाव डोळ्यासमोर ठेवून पेरतो तो ऑक्टोबरपर्यंत टिकेल एवढी तरी हमी असावी. २०२४ च्या हंगामात खरेदी केंद्रावर ओलाव्याची मर्यादा बारावरून पंधरा टक्के केली, पण तो आदेश नोव्हेंबरमध्ये आला. तोवर गरजवंतानं माल आडतीवर घालून टाकला होता.

शेतकरी बांधवांनी सध्या एवढं करावं. सोयाबीन घरात ठेवलं असेल तर मोंढ्यातल्या भावाबरोबर तेलावरच्या शुल्काची बातमी बघत जा. अर्थसंकल्पाच्या सुमारास आणि मे-जूनमध्ये तर नक्कीच. सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्टर्स असोसिएशन दर महिन्याच्या मध्यावर खाद्यतेल आयातीचे आकडे जाहीर करते, कृषी बातम्यांत ते येतात. त्यात नेपाळबद्दल वेगळं सांगितलेलं असतं. जोगबनीची मालगाडी नियमित धावायला लागल्यावर तो आकडा वाढतो की नाही, ते पुढच्या रासीच्या आधी कळेल.